शिकवणाऱ्याची तालीम

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. विशारद झाली, आता पुढे काय, हा प्रश्न तू नीट मांडला आहेस. विद्यापीठात जाऊन संगीत आणि संगीतशिक्षण हाच विषय घ्यावा, बुवांकडे तालीम पक्की करत राहावं, की घरच्यांच्या मताप्रमाणे बी.कॉम. करून गाणं जमेल तसं सांभाळावं. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची कारणं तुला तपासून घेता येतील. विद्यापीठात जा, पण गायिका व्हायला म्हणून जाऊ नकोस, शिकवायला शिकण्यासाठी जा. गाणं ही एक विद्या आणि गाणं शिकवणं ही दुसरी. पहिलीची तालीम आपल्याकडे उत्तम मिळते. दुसरीची जवळजवळ कुणालाच मिळत नाही, आणि तरीही उद्या उदरनिर्वाहासाठी तुला तीच करावी लागणार आहे. विशारद झालेल्या दहा जणांत मैफलीवर जगणारा एखादा निघाला तरी पुष्कळ. बाकीचे शिकवतात.

ही काही नव्यानं सुचलेली गोष्ट नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली, विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, हे तू परीक्षेसाठी पाठ केलंच असशील. पण पलुस्करांनी तिथे जो उपदेशक वर्ग चालवला, त्याच्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. शाळा काढायची तर शिक्षक लागतात आणि मैफलीतून ते आपोआप मिळत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून निवडक शिष्यांना जवळ ठेवून, खाऊपिऊ घालून त्यांनी गाण्याबरोबर शिकवण्यातही तयार केलं आणि गावोगाव धाडलं. लहानांसाठी 'संगीत बालप्रकाश'सारखी पुस्तकं लिहिली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी 1925 मध्ये आणि पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये आपापल्या संस्था उभ्या केल्या, त्या या पेरणीतून. पलुस्कर 1931 मध्ये गेले आणि त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. मंडळानं परीक्षांची जी शिडी देशभर उभी केली, तिचे उपकार आहेत. मध्यमवर्गीय घरातली मुलगी निर्धास्तपणे गाणं शिकू लागली त्यात या परीक्षांचा मोठा वाटा आहे. पण हळूहळू झालं असं की परीक्षा ठळक होत गेली आणि उपदेशक तयार करण्याचा मूळ हेतू मागे पडला. विशारदची परीक्षा तू काय गातेस आणि रागाविषयी काय जाणतेस ते पाहते. सातवीतल्या चाळीस मुलांना तू काय गायला लावू शकतेस, हे तिला विचारायचंच नसतं.

आता अभ्यासक्रमाचं बघ. पंडित भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरातले, वकिलीचं शिक्षण घेतलेले. त्यांनी घराण्याघराण्यांत विखुरलेल्या बंदिशी गोळा केल्या, दहा थाटांत रागांची व्यवस्था लावली आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मराठीत सिद्ध केले. एका माणसाच्या हातून झालेलं एवढं काम पाहून आजही थक्क व्हायला होतं. पण त्या मालिकेचा क्रम बघ. सुरुवातीच्याच भागांत बिलावल, यमन, खमाज यांच्याबरोबर पूर्वी, मारवा, तोडीही येतात, कारण ते आपापल्या थाटांचे आश्रय राग आहेत. शास्त्राच्या मांडणीत हा क्रम बिनचूक आहे. मुलाच्या कानाचा क्रम मात्र तसा नसतो. आठ वर्षांच्या पोराच्या कानाला कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम एकत्र पेलायला वेळ लागतो. भूप त्याला त्या मानानं सोपा, आणि भूपाहूनही सोपी तीन-चार स्वरांत फिरणारी भोंडल्याची गाणी. भातखंड्यांनी जाणत्या विद्यार्थ्यासाठी लावलेली संगती आपण वयाचा विचार न करता बालवर्गापर्यंत खाली ओढली. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यानंतर मुलांच्या कानाचा अभ्यास करायचं काम आपण केलं नाही, हा दोष आपला. कोणत्या वयात कोणता स्वरसमूह स्थिर होतो, कोणतं अंतर मुलं चुकवतात, लय आधी पक्की करावी की स्वर, हे प्रश्न विद्यापीठात बसून, वर्षभर एखाद्या शाळेतली मुलं ऐकून, नोंदी ठेवून सोडवायचे आहेत. शिकवणीच्या खोलीत ते सुटायचे नाहीत.

आवाजाचंच घे. मुलांच्या गाण्याचं जेवढं नुकसान चुकीच्या पट्टीनं होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं होत असेल. शिक्षक काळी एकमध्ये गाणारे असतील तर पेटी काळी एकला धरतात आणि सगळा वर्ग तिथेच गातो. लहान मुलांचा आवाज त्याहून वर सहज खुलतो. खालच्या सप्तकात त्यांना पुटपुटावं लागतं किंवा छातीतून ओरडावं लागतं. शिवाय पुरुषाच्या खर्जातला स्वर ऐकून तो आपल्या सप्तकात उचलणं लहान कानाला अवघड जातं. असा मुलगा स्वर चुकवतो आणि आपण म्हणतो, याला कान नाही. तोच स्वर दुसऱ्या मुलानं किंवा बाईंनी गाऊन दाखवला तर अनेकदा तो लगेच धरतो. मग बारा ते चौदाच्या सुमारास मुलग्यांच्या स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो आणि आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. त्या महिन्यांत कमी स्वरांत, हलक्या आवाजात, पट्टी बदलत गायला लावलं तर मुलगा गाण्यात टिकतो. आपल्या शाळांत बहुधा त्याला मागे उभं करतात, नाही तर टाळ हातात देतात. गाता न येणारे म्हणून आयुष्यभर स्वतःला समजणारे कितीतरी पुरुष असेच तयार झाले असतील. हे ज्ञान गुप्त नाही, पण एकास एक तालीम देणाऱ्या गुरूला त्याची गरज पडत नाही, कारण तिथे शिष्य निवडलेला असतो. वर्गात कुणीच निवडलेलं नसतं.

हंगेरीत काय झालं ते यासाठी मुद्दाम वाच. झोल्तान कोडाय हे मोठे संगीतकार. बेला बार्तोकबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतून लोकगीतं जमवली आणि नंतर आयुष्याचा मोठा भाग शाळेतल्या गाण्याला दिला. किस्वार्दासारख्या लहान गावात गाणं कोण शिकवतं, हे बुडापेस्टच्या ऑपेरागृहाचा संचालक कोण आहे त्यापेक्षा महत्त्वाचं आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांच्या जन्मगावी, केच्केमेतला, 1950 मध्ये रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा निघाली. त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली पद्धत दोन स्वरांच्या हाका आणि खेळगाण्यांपासून सुरू होते, आपल्याच लोकगीतांवर वाढते आणि मग स्वरलेखनाकडे येते. तिथला 'दो' आपल्या षड्जासारखा हवा तिथे धरता येतो. त्यांनी ती कल्पना इंग्लंडातून घेतली, आपल्याला ती जन्मतः मिळालेली आहे. तरीही मुलांच्या ओव्या, भोंडला, बडबडगीतं, भजनं यांतले स्वर मोजून त्यावरून बालवर्गाचा क्रम लावायचं काम मराठीत अजून नीट व्हायचं आहे. हंगेरीची नक्कल कर असं मी म्हणत नाही. शाळेतल्या गाण्याच्या शिक्षकाला तिथे देशभराच्या विचाराचा विषय मानलं गेलं आणि त्याला तसं शिक्षण मिळालं, एवढंच तुझ्या लक्षात यावं.

तुझ्या बुवांचा आक्षेप मी हलका धरत नाही. विद्यापीठातून गवई निघत नाहीत, तासाची घंटा वाजली की राग तुटतो, असं ते म्हणतात. घंटेबद्दल त्यांचं खरं आहे. पंचेचाळीस मिनिटांत विलंबित ख्यालाचा जीव कळत नाही, आणि चार सत्रांत पंधरा राग उरकणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दल माझीही तक्रार आहे. म्हणूनच तालीम सोडू नकोस असं मी आग्रहानं सांगते. पुण्याच्या ललित कला केंद्रानं, जे 1987 मध्ये सुरू झालं, विद्यापीठाच्या चौकटीतच गुरुकुलासारखी तालीम ठेवली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. पण गवई निघाले का, ही संगीतशिक्षणाच्या पदवीची कसोटीच नव्हे. शिक्षणमहाविद्यालयातून कवी निघाले नाहीत म्हणून आपण मराठीच्या शिक्षकाची बी.एड. निरुपयोगी ठरवत नाही. शिवाय घराण्याची तालीम एका वाटेनं खोल नेते आणि आजूबाजूचं बरंच काही दिसेनासं होतं. डॉ. अशोक रानड्यांनी मुंबई विद्यापीठात संगीताचं केंद्र उभं केलं आणि आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मांडून प्रत्येकीची स्वतःची रीत असते हे दाखवलं. शाळेत तुझ्यासमोर बसलेलं मूल पोवाडा, आरती, चित्रपटगीत आणि लग्नातला बँड असं सगळं कानात घेऊन येतं. ख्यालाच्या निकषानं त्यातलं तीन चतुर्थांश बाद करून तू त्याला शिकवू शकणार नाहीस.

परीक्षेच्या गुणांचा मोह हा दुसरा धोका आहे. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालक मुलाला कुठल्या परीक्षेपर्यंत आणायचं याचा हिशेब करून क्लासला घालतात. बंदिशी घोकून, ठरलेले आलाप पाठ करून परीक्षा निभावते. शिकवण्याचं शिक्षण नसलेला शिक्षक या रेट्यापुढे लवकर हरतो, कारण परीक्षेखेरीज मुलाची प्रगती मोजायचं दुसरं साधन त्याच्याकडे नसतं. ज्याला ते साधन ठाऊक आहे, तो पालकाला दाखवू शकतो की तुमचा मुलगा तीन महिन्यांपूर्वी ऐकलेली ओळ फिरवून म्हणू शकत नव्हता, आता म्हणतो. हे सांगता येणं ही मोठी ताकद आहे.

नोकरीचा प्रश्न राहिला, आणि इथे तुला गोड स्वप्न दाखवणार नाही. घरच्यांची काळजी रास्त आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांवर मुलं असली तर कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, पण अंशकालीन. म्हणजे कायद्यानंच त्याला अर्ध्या पोटावर ठेवलं. आणि कला म्हणजे चित्रकला, असं मानून शाळा मोकळी होऊ शकते. बी.एड.ला गणित, विज्ञान, मराठी, इतिहास यांच्या अध्यापनपद्धती सहज मिळतात, संगीताची क्वचित. तेव्हा संगीताची पदवी आणि शिक्षणशास्त्राची पदवी या दोन वाटा तुला बहुधा स्वतःच जोडाव्या लागतील, पाच वर्षं जातील आणि कायम जागा मिळेलच असं नाही. तरी मी जा म्हणते, कारण काम मात्र आहे. मंडळाच्या परीक्षांना बसणारी हजारो मुलं कुणाकडे तरी शिकतातच, मोठ्या शहरांतल्या खासगी शाळा संगीतशिक्षक ठेवतात, परदेशातल्या मराठी घरांतली मुलं पडद्यावरून शिकतात. या सगळ्या ठिकाणी अप्रशिक्षित माणूसही चालतो हे खरं, पण याच कारणानं तिथे पगार आणि मान दोन्ही कमी राहिले आहेत. बी.कॉम. करून गाणं सांभाळशील तेव्हाही संध्याकाळी तू चार मुलांना शिकवशीलच. मग ते जाणून का शिकवू नये?

अर्ज भरण्याआधी मात्र प्रत्येक ठिकाणी जाऊन काही गोष्टी विचार. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात शाळेतला प्रत्यक्ष सराव किती आठवडे आहे आणि तो संगीताचा असेल की तुला तिथे मराठीचे पाठ घ्यायला लावतील, हे आधी स्पष्ट करून घे. 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.ला असा वीस आठवड्यांचा सराव ठरवून दिलेला आहे, तो तुझ्या विषयात मिळाला तरच त्याचा उपयोग. पाठ घेताना मागे बसून पाहणारा माणूस गाणं जाणणारा आहे का, ते विचार. आवाजाच्या शरीरशास्त्राचा एखादा तरी पेपर आहे का, आणि तो शिकवायला डॉक्टर येतात की फक्त टिपणं वाटली जातात, तेही पाहा. शेवटच्या वर्षाचे प्रबंध मागून घे. सगळे एखाद्या गायकाच्या चरित्रावर किंवा रागाच्या इतिहासावर असतील तर तिथे शिकवण्याचा विचार होत नाही असं समज, आणि एखादा जरी तिसरीच्या वर्गात बसून लिहिलेला निघाला तर त्या मार्गदर्शकांना भेटल्याशिवाय परत येऊ नकोस. काय पाहिलंस ते सविस्तर लिही, मग पुढचं ठरवू.

तुझी,
आत्या