निळ्या पेटीतली सोबत

कोणी प्रवासाला निघाले की आपल्याकडची वडील माणसे ‘कुठे चाललास?’ असे विचारतात खरे. पण त्यांचा खरा प्रश्न त्याच्या मागून येतो : ‘सोबत कोण आहे?’ मुक्काम, गाडी, खर्च हे सारे दुय्यम. सोबत चांगली असेल तर घाटात बंद पडलेली एस. टी. सुद्धा पुढे वीस वर्षे सांगायला पुरते, आणि सोबत वाईट असेल तर काश्मीरदेखील नकोसे होते.

2024 च्या ऑक्टोबरात एका परिसंवादाच्या निमित्ताने मी लंडनला निघालो, तेव्हा आईने हाच प्रश्न केला. मी म्हटले, “तिकडे आमचा डॉक्टर आहे.” आई काही बोलली नाही. डॉक्टरचे नाव आमच्या घरात बरीच वर्षे निघाले नव्हते.

हा डॉक्टर माझा कॉलेजच्या दिवसांतला मित्र. तो वैद्यकाला, मी मराठीला. पण शनिवार आला की दोघेही सह्याद्रीच्या पायाशी. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड असे किती तरी किल्ले आम्ही बरोबर पायाखाली घातले. दोघांत मिळून एक पितळी स्टोव्ह घेतला होता. तो मी वाहायचा आणि रॉकेलची बाटली त्याने सांभाळायची, असा करार होता. रतनगड तेवढा राहिला होता. 2004 साली तो विलायतेला गेला, तेव्हा सहारच्या विमानतळावर मला म्हणाला, “येतो रे. रतनगड राहिलाय.” पहिली दोन वर्षे पत्रे आली, मग दिवाळीच्या दिवाळीला दोन ओळी, मग त्याही नाहीत. 2011 साली त्याचे वडील गेले. त्या वेळी तो पुण्याला येऊन गेल्याचे मला महिन्याने तिऱ्हाइताकडून कळले. भांडण झाले असते तर बरे, असे मला तेव्हा वाटले. भांडण निदान मिटवता तरी येते.

लंडनचे ठरल्यावर मीच धीर करून त्याला दोन ओळी लिहिल्या. तासाभरात उत्तर आले : ‘सरळ कार्डिफला ये. चार दिवस काढून ये.’

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून कार्डिफ सुमारे दोन तासांवर आहे. वाटेत गाडी सेव्हर्न नदीच्या पोटाखालून जाते. सात किलोमीटरचा हा बोगदा 1886 सालचा. बोगद्यातून बाहेर पडलो की वेल्स लागते आणि पाट्या दोन भाषांत बोलू लागतात. ‘हळू’ या अर्थाचा जो वेल्श शब्द रस्त्यावर रंगवलेला असतो, त्याचा उच्चार ‘अराव्ह’च्या जवळ जातो. आपल्याकडे आरव म्हणजे गलका; इथे तोच मोटारीला सबुरीने घ्यायला सांगतो. मराठीच्या मास्तराला एवढी गंमत बोगद्यापलीकडे येण्याचे भाडे वसूल करायला पुरेशी होती.

डॉक्टर स्थानकावर आला होता. केस पांढरे, पोट पुढे. आम्ही दोघे हवामानावर बोललो. मोटारीत बसल्यावर रस्त्यांवर बोललो. घरी वहिनींनी “या, भाऊजी” म्हणून स्वागत केले, आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या लेकीने मला नीट न्याहाळून विचारले, “काका, तुम्ही बाबांचे कंपॅनियन होता ना?”

हा शब्द मला नवा नव्हता, पण तिचा अर्थ निराळा होता. कार्डिफ हे आता ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे माहेर आहे, आणि त्या घरात मालिकेची पारायणे चालत. चार दिवस बाहेर पाऊस होता. तेव्हा संध्याकाळी ताटे वाढली की त्या मुलीने मला पहिलीपासून शिकवणी दिली.

मालिकेचा नायक म्हणजे डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा भटक्या. पोलिसांच्या जुन्या निळ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात आणि अंतराळात हिंडतो. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आत वाड्याएवढी. बी.बी.सी.ने तिचा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला. केनेडींची हत्या होऊन एकच दिवस झाला होता. ती पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन या तरुणाने, आणि त्याचा जन्म लखनौचा! 1989 साली मालिका थांबली, पुढे 2005 साली ती पुन्हा उभी राहिली, ती या कार्डिफच्या आसऱ्याने.

पण मला गुंतवले ते पेटीने नव्हे, पेटीत बसणाऱ्या माणसांनी. हा डॉक्टर एकटा कधी फारसा जात नाही. कोणी तरी साधेसुधे माणूस त्याच्या बरोबर असते. त्यालाच तिकडे ‘कंपॅनियन’ म्हणतात. पहिल्या सोबत्यांत त्याची नात होती आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. शिक्षकांची निवड मला अर्थातच पटली. आश्चर्य दाखवायला डॉक्टर हवा, पण ‘हे बरोबर नाही’ असे त्याला बजावायला जवळ माणूस हवे. आणि मग प्रत्येकाचा उतरण्याचा दिवस येतो. 1964 च्या अखेरीस डॉक्टर नातीला तिचा संसार उभा राहावा म्हणून बाहेर ठेवून पेटीचे दार स्वतःच लावून घेतो. पुढल्या वर्षी ते शिक्षकही लंडनला परततात. आधी तो त्यांच्यावर चिडतो, आणि गेल्यावर त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्डिफच्या खाडीवर गेलो. एके काळी वेल्सचा कोळसा या गोद्यांतून जगभर जाई. कोळसा संपला, गोद्या ओस पडल्या, आणि 1999 साली खाडीच्या तोंडावर बांध पुरा होऊन तिथे गोड्या पाण्याचे तळे झाले. मालिकेतला डॉक्टर आपली पेटी इथल्याच चौकात इंधन भरायला उतरवतो. जवळच धक्क्याच्या भिंतीचा एक भाग पत्रे, फुले आणि चित्रे यांनी भरलेला दिसला. याच मालिकेच्या ‘टॉर्चवुड’ नावाच्या शाखेतला यांटो जोन्स हा तरुण 2009 साली कथेत मेला, त्याची ही आठवण. जो माणूस एक दिवसही खरा जगला नाही, त्याला लोकांनी लिहिलेली पत्रे! मी हसणार होतो. पण डॉक्टर त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला.

त्याचा दवाखाना उत्तरेकडच्या दरीतल्या एका खेड्यात आहे. राष्ट्रीय आरोग्यसेवा 1948 साली ज्या अ‍ॅनायरिन बेव्हनने उभी केली, तो या भागातल्या खाणीत राबलेला. त्या खाणींच्या गावांतले किती तरी दवाखाने पुढे भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी चालवले. “म्हातारे रोगी मला विचारतात, तू परत तर नाही ना जाणार?” तो म्हणाला, आणि पुन्हा हवामानाकडे वळला.

तिसऱ्या रात्री मुलीने 2006 सालचा एक भाग लावला. सारा जेन स्मिथ ही पत्रकार 1970 च्या दशकात डॉक्टरबरोबर हिंडली. 1976 साली त्याला स्वतःच्या ग्रहावरून बोलावणे आले. तिथे माणसांना मज्जाव, म्हणून त्याने तिला घराजवळ म्हणून उतरवले. त्यातही नेम चुकला : लंडनमधल्या क्रॉयडनऐवजी तो तिला स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनला सोडून गेला! तीस वर्षांनी एका शाळेत दोघांची गाठ पडते. तिने वाट पाहिली आहे, तो मेला असेल असेही समजून घेतले आहे. ती त्याला जाब विचारते, तू परत का आला नाहीस? त्याच्याकडे धड उत्तर नसते. शेवटी तो तिला पुन्हा पेटीत बोलावतो, तेव्हा ती नको म्हणते. तिला आता फक्त नीट निरोप हवा असतो.

खोलीत कोणी बोलेना. वहिनी चहा ठेवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि डॉक्टरने मोटार काढली. कार्डिफच्या पश्चिमेला सदर्नडाउन म्हणून एक किनारा आहे. चुनखडीचे थर एकावर एक रचलेले उंच कडे, खाली गोटे, आणि ओहोटीला दूरवर उघडी पडणारी वाळू. 2006 सालीच रोझ नावाच्या सोबतिणीची आणि डॉक्टरची ताटातूट इथे चित्रित झाली. कथेत हा किनारा नॉर्वेतला आहे. ती एका विश्वात, तो दुसऱ्या. त्याला फक्त आपली प्रतिमा पाठवता येते, आणि वाक्य पुरे होण्याआधीच ती विझते.

गोट्यांवर पाय सांभाळत आम्ही चाललो होतो. सवयीने तो पुढे, मी मागे. तो न वळताच म्हणाला, “बाबा गेले तेव्हा आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत फिरलो.”

“का?”

“तू रतनगडाचं काढलं असतंस. मग मला इकडे यायला जमलं नसतं. बायकोला दिवस गेले होते, दवाखाना नुकता घेतला होता.”

तेरा वर्षे मी या उत्तराला काय म्हणायचे ते तयार ठेवले होते. त्यातले एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, “तू येऊन गेलास हे कळलं, त्याच आठवड्यात मी आपला स्टोव्ह भंगारवाल्याला दिला.”

तो थांबला. वळून माझ्याकडे पाहिले.

“किती आले?”

“एकशे ऐंशी.”

“म्हणजे नव्वद माझे,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघे त्या परक्या किनाऱ्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. या खाडीची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पाणी चढू लागले तसे परतावे लागले. जाताना मात्र आम्ही बरोबरीने चाललो.

दुसऱ्या दिवशी तो मला गाडीवर बसवायला आला. शिट्टी झाली. दारात उभा राहून मी म्हणालो, “येतो रे.”

आणि तो शब्द माझ्याच कानाला लागला. आपल्या भाषेत निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, अशुभ मानतात. हे मी दर वर्षी वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवतो. मी पुन्हा कार्डिफला येईन असे मला वाटत नव्हते, तरीही मी खोटे बोललो नव्हतो. मग 2004 साली सहारला त्यानेही दुसरे काय म्हटले होते? त्याने निरोप घेतला होता. मी त्याचे वचन करून वीस वर्षे उराशी धरले.

गाडी बोगद्यात शिरली, तेव्हा खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला. तोही पांढऱ्या केसांचा होता. पेटीतून उतरलेली माणसे उतरल्यावरही निराळीच राहतात. सारा जेन पुढे आपल्या बळावर जगाच्या उपयोगी पडते. मी आज वर्गात जो काही आहे, त्यात त्या शनिवारांचा वाटा मोठा आहे. तो डॉक्टर परत आला नाही म्हणून काही कमी होत नाही.

घरी आल्यावर आईने विचारले, “डॉक्टर कसा आहे?”

“बरा आहे,” मी म्हटले. “त्याचे नव्वद रुपये द्यायचे आहेत.”