रोज दुपारी येणारा पाहुणा

ज्यूलिया की अँजेलीक, हा वाद एकदा पेटला की पुढचे दोन तास गेलेच म्हणून समजावं. न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणी, सगळ्या साठी ओलांडलेल्या, या विषयावर अजूनही हिरिरीनं भांडतात. बार्नबस कॉलिन्सवर खरं प्रेम कुणाचं? त्याला बरं करण्यासाठी आपलं सगळं आयुष्य ओवाळून टाकणाऱ्या डॉक्टर ज्यूलिया हॉफमनचं, की जिच्या शापानं तो व्हॅम्पायर झाला त्या अँजेलीकचं? मधूनच कुणीतरी त्याच्या वाग्दत्त वधूचं, जोसेटचं, नाव काढते आणि दोन्ही बाजूंची बोलणी खाते. ‘डार्क शॅडोज’ ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. या बायका तेव्हा शाळकरी मुली होत्या. शाळा सुटली की दप्तर घेऊन धावत घर गाठायचं, कारण साडेतीन-चारच्या सुमाराला मालिका लागायची आणि चुकली ती चुकलीच. त्या धावण्याबद्दल बोलताना प्रत्येकीचा आवाज बदलतो, हे मी कितीदा ऐकलं आहे. मला ही मालिका त्यांच्यामुळेच कळली आणि आता मीही तिच्यात पुरती गुंतले आहे.

गोष्ट मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक बंदरगावातली. समुद्राकाठच्या कड्यावर कॉलिनवुड हा जुना वाडा. मालकीणबाई एलिझाबेथ अठरा वर्षं त्या वाड्याबाहेर पडलेल्या नाहीत. त्यांच्या भाच्याला शिकवायला व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ मुलगी आगगाडीनं तिथं येते. निर्माते डॅन कर्टिस यांना स्वप्नात अशीच एक गाडीत बसलेली मुलगी दिसली होती आणि त्या स्वप्नातून मालिका जन्मली. एलिझाबेथच्या भूमिकेत जोन बेनेट, एकेकाळची हॉलिवूडची मोठी नायिका. सुरुवातीला भूतबीत काही नव्हतं. बंद खोल्या, रात्री कुठूनतरी ऐकू येणारे हुंदके, खडकांवर आपटणाऱ्या लाटा आणि रॉबर्ट कोबर्ट यांचं ते अंगावर शहारा आणणारं संगीत, एवढ्यावर सगळं चाललं होतं. प्रेक्षक मात्र जमेनात. मालिका बंद पडायची वेळ आली. मग जोसेटचं भूत तिच्या तसबिरीतून खाली उतरलं, लोक जरा सावरून बसले आणि कर्टिसनी ठरवलं की बुडायचंच आहे तर काहीही करून बघू.

एप्रिल १९६७. विली लूमिस हा भुरटा चोर दागिन्यांच्या लोभानं कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात शिरतो. आतल्या गुप्त खोलीत साखळदंडांनी बांधलेली शवपेटी. तो साखळ्या तोडतो, झाकण उचलतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग संपला. दुसऱ्या दिवशी कॉलिनवुडच्या दारावर थाप पडते. दारात खांद्यावर केप असलेला ओव्हरकोट घातलेला, कपाळावर केसांच्या टोकदार बटा, हातात लांडग्याच्या डोक्याची चांदीची मूठ असलेली काठी, असा एक गृहस्थ उभा. अतिशय अदबीनं तो सांगतो की मी इंग्लंडहून आलेला तुमचा चुलतभाऊ, बार्नबस कॉलिन्स. दिवाणखान्याबाहेर भिंतीवर त्याच चेहऱ्याचं दीडेकशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र टांगलेलं आहे. घरातल्यांना ते साम्य दिसतं आणि त्यांना कौतुक वाटतं. आपण प्रेक्षक मात्र खुर्चीला खिळून बसतो, कारण या घरात कोण शिरलं आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असतं.

बार्नबसला काही आठवड्यांत मारून टाकायचं ठरलं होतं. छातीत खुंटी ठोकायची, विषय संपला. ते झालं नाही, आणि माझ्या मैत्रिणींच्या सगळ्या गप्पांचं मूळ इथंच आहे असं मला वाटतं. सिनेमातल्या राक्षसाला आपल्यासमोर जेमतेम दोन तास मिळतात. तेवढ्या वेळात तो भिववतो आणि मरतो. बार्नबस आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास, त्याच दिवाणखान्यात, त्याच शेकोटीपाशी उभा राहून बोलत होता. भीतीला एवढी सवड मिळाली की ती तशीच राहत नाही, तिची माया होते.

जोनाथन फ्रिड हे मूळचे कॅनडातल्या हॅमिल्टनचे, शेक्सपियरच्या नाटकांत मुरलेले नट. कॅलिफोर्नियात जाऊन शिकवण्याचं काम बघायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात ही थोड्या दिवसांची भूमिका आली. वय चाळिशीपुढचं, रूढ अर्थानं देखणेपण नाही, आणि संवाद पाठ होण्याची कायमची अडचण. कॅमेऱ्यासमोर ते वाक्याच्या मध्येच अडखळत, नजर क्षणभर टेलिप्रॉम्प्टर शोधायला जाई. पण पडद्यावर ती शोधणारी नजर एखाद्या अपराधी माणसाची वाटे. आपण केलेलं आठवून ज्याला बोलणं सुचत नाही, तसा तो माणूस. शाळकरी मुलींना आणि त्यांच्या आयांना त्याची कीव आली. पत्रांचा पाऊस पडला. मग लेखकांनीही त्याच्याकडे तशाच नजरेनं बघायला सुरुवात केली.

चुका हा तर या रसिकांचा जिव्हाळ्याचा विषय. न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा स्टुडिओत रोज एक भाग उभा राहायचा. सकाळी तालीम, दुपारी चित्रण. व्हिडिओटेप कापून जोडणं महागाचं, त्यामुळे एकदा टेप सुरू झाली की नाटकासारखं शेवटपर्यंत न्यायचं. दगडी थडग्याला नटाचा कोट लागतो आणि थडगं हलतं. माइकची सावली भिंतीवरून फिरते. वटवाघूळ दोरीवर हिंदकळतं. फ्रिड यांच्या चेहऱ्यावर माशी बसते आणि ते पापणीही न हलवता संवाद पुरा करतात. हा माशीचा प्रसंग मला मैत्रिणींनी पुन्हा पुन्हा लावून दाखवला. त्या हसतात, पण त्या हसण्यात टिंगल नाही. नव्या मंडळींना ही टिंगलच वाटते, हे मला खटकतं. माणसं समोर जिवाच्या आकांतानं काम करताहेत, दुसरी संधी नाही हे त्यांना माहीत आहे, आणि तरीही त्यांचा त्या जगावरचा विश्वास तसूभरही ढळत नाही. तो विश्वास पाहिला की हलणारं थडगं दगडाचं मानायला मन आपणहून तयार होतं.

आणि मग १७९५ ची गोष्ट. माझ्या मते पाच वर्षांतलं सगळ्यात उंच शिखर तेच. नोव्हेंबर १९६७ मध्ये एका रात्री वाड्यात मृतात्म्याला बोलावण्याची बैठक बसते आणि व्हिक्टोरिया थेट १७९५ सालात जाऊन पडते. पुढे काही महिने मालिका तिथंच राहते. तीच नटमंडळी आता आपापल्या पूर्वजांच्या भूमिकांत. बार्नबस इथं एक साधा, हसरा तरुण आहे, जोसेटशी त्याचं लग्न ठरलेलं. तिची दासी अँजेलीक, हिच्याशी त्याचे पूर्वी संबंध होते, ते त्यानं झिडकारले आणि तिनं त्याला शाप दिला. त्यानंतर घर एकेक करून रितं होतं. धाकटी बहीण सेरा जाते, जोसेट कड्यावरून उडी घेते, मुलाचं खरं रूप कळल्यावर आई नेओमी विष घेते. उरतो बाप, जोशुआ. लुई एडमंड्स यांनी हा करारी, कोरडा बाप असा उभा केला आहे की शेवटी त्याच्याकडे बघवत नाही. मुलगा विनवतो, मला संपवा. बापाच्यानं ते होत नाही. तो मुलाच्या शवपेटीला साखळदंड घालायला लावतो.

विलीनं वर्षभरापूर्वी तोडलेले साखळदंड हेच. तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी या सैतानाला घाबरून बांधून ठेवलंय. आता कळतं की ते बापानं घातले होते. ज्यांनी वर्षभर रोज मालिका पाहिली होती, त्यांनाच हा धक्का पुरता बसला. एका मैत्रिणीनं मला सांगितलं की त्या दुपारी तिची आई इस्त्री बाजूला ठेवून तिच्याशेजारी येऊन बसली आणि दोघींनी एकमेकींकडे न बघता डोळे पुसले.

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ पाहिलेल्यांना हे नवं वाटू नये. पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मेलेले. २०१९ मध्ये दुसरं पर्व मागच्या काळात गेलं आणि तिथं ते जिवंत, धडधाकट, घराला धाकात ठेवणारे. माणूस चांगला नव्हताच, पण रोज रात्री घरात यायला लागल्यावर लोक त्याची वाट बघू लागले. अण्णांच्या वाड्याचं सावंतवाडीजवळचं आकेरी आणि मेनचा किनारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण रोजच्या मालिकेत भूत आणलं की त्याचं काय होतं, हे दोन्हीकडे सारखंच दिसलं.

सिनेमांनी बार्नबसला कधी न्याय दिला नाही. १९७० च्या ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’मध्ये तेच नट, दिग्दर्शन कर्टिस यांचंच, रक्त भरपूर आणि माया गायब. टिम बर्टन यांचा २०१२ चा चित्रपट सजावटीनं श्रीमंत आहे, जॉनी डेप यांचं या मालिकेवर लहानपणापासून प्रेम, हेही खरं. पण त्यात थट्टा जास्त आहे आणि मला ती बोचते. एक क्षण मात्र जपून ठेवावा असा: मेजवानीला आलेल्या पाहुण्यांत जोनाथन फ्रिड दिसतात. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, ते गेले.

मालिकेनं बार्नबसला धड निरोपही दिला नाही. जानेवारी १९७१ मध्ये, १८४० च्या कथानकाच्या शेवटी, तो अँजेलीकवरचं प्रेम अखेर कबूल करतो आणि तोवर ती गोळी लागून मरत असते. नंतरचे दोन महिने वेगळ्याच समांतर काळाची गोष्ट चालते, तिच्यात फ्रिड आहेत पण बार्नबस नाही. ज्यूलियाच्या वाट्याला तर कबुलीही आली नाही. ती साकारणाऱ्या ग्रेसन हॉल या ऑस्करचं नामांकन मिळालेल्या अभिनेत्री, आणि त्यांचे पती सॅम हॉल मालिकेच्या लेखकांपैकी एक. मालिका संपल्यावर त्याच वर्षी ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकात सॅम हॉल यांनी पुढं काय झालं असतं ते लिहिलं. त्यात बार्नबस आणि ज्यूलियाचं लग्न होतं. अँजेलीकच्या बाजूच्या मैत्रिणी हा पुरावा मानत नाहीत. नवऱ्यानं बायकोसाठी लिहिलेलं आहे, ते धरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ज्यूलियाच्या बाजूची. मला तेच सगळ्यात मोठं प्रमाण वाटतं.

त्या काळातल्या दुपारच्या कित्येक मालिका पुसून टेपा पुन्हा वापरल्या गेल्या. या मालिकेचे १२२५ भाग निघाले आणि त्यांतला फक्त एक हरवला, तोही शेवटाजवळचा, १२१९ क्रमांकाचा. त्याचा आवाज मात्र आहे, कारण कुणीतरी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भाग ध्वनिमुद्रित केला होता. त्या आवाजाला स्थिर चित्रं जोडून तो पुन्हा उभा केला आहे. मी तो पाहिला, म्हणजे खरं तर ऐकलाच, आणि तो रेकॉर्डर लावणाऱ्या अनोळखी हाताचे मनापासून आभार मानले.

नव्या माणसानं सुरुवात कुठून करावी, यावर रसिकांत दोन तट आहेत. बहुतेक जण सांगतात, २१० व्या भागापासून, शवपेटी उघडते तिथून. डीव्हीडीही आधी तिथूनच निघाल्या. मला हे अजिबात पटत नाही. दारावर थाप पडते तेव्हा आपण त्या घरात आधी राहिलेलो असायला हवं. एलिझाबेथ बाहेर का पडत नाही याची काळजी आपल्याला लागलेली असायला हवी, तेव्हाच आत कोण आलं याची भीती वाटेल. म्हणून पुण्यातल्या माझ्या भाचीला मी पहिल्या भागापासून बसवलं आहे. सध्या ती बर्क डेव्हलिनच्या चांदीच्या पेनाशी येऊन अडकली आहे. बिल मलॉयच्या मृत्यूच्या रात्री ते पेन समुद्रकाठी पडलं, व्हिक्टोरियाला सापडलं, एलिझाबेथच्या भावानं, रॉजरनं, ते पळवून पुरून टाकलं आणि भागामागून भाग सगळे त्या पेनाबद्दलच बोलताहेत. काल तिचा फोन आला. “आत्या, तो बार्नबस येईल तेव्हा येईल, पण आधी हे सांग, रॉजर खरंच खुनी आहे का गं?”

मी सांगितलं नाही. पुढचा भाग लाव म्हटलं.