कापलेलं वाक्य

‘द गुड वाइफ’ या अमेरिकन मालिकेतली डायान लॉकहार्ट गर्भपाताच्या हक्काची कट्टर पुरस्कर्ती. सातव्या सीझनच्या एका भागात तीच एका गर्भपातविरोधी गटाची वकील म्हणून उभी राहते. चोरून चित्रित केलेला व्हिडिओ लोकांसमोर येऊ द्यावा, हे तिला कोर्टाला पटवून द्यायचं असतं. क्रिस्टीन बारान्स्कीनं तिची घालमेल फार ताकदीनं दाखवली आहे. न पटणाऱ्या माणसालाही बोलू द्यावं, हे मला मनापासून मान्य आहे. तरी तो भाग पाहताना जीव कासावीस होतो, कारण त्यामागे खरी घटना आहे.

जुलै 2015 मध्ये इंटरनेटवर एक व्हिडिओ आला. गर्भपाताची सेवा देणाऱ्या ‘प्लॅन्ड पॅरेंटहुड’ या संस्थेतल्या एक डॉक्टर जेवता जेवता बोलताहेत, समोर सॅलड आहे. ऐकणारे स्वतःला ऊती घेणाऱ्या कंपनीची माणसं म्हणवतात. प्रत्यक्षात ते गर्भपातविरोधी कार्यकर्ते, आणि कॅमेरा लपवलेला. डॉक्टर 30 ते 100 डॉलर असा आकडा सांगतात. संशोधनासाठी गर्भाच्या ऊती देणं आणि त्यापोटी झालेला खर्च घेणं तिथल्या कायद्यात बसत होतं. यात नफा कमवायचा नसतो, हेही त्या बोलल्या होत्या. पण सगळीकडे फिरली ती छोटी आवृत्ती, आणि तिच्यातून नेमकं तेवढंच कापलेलं. आकडा तेवढा राहिला. अर्भकांचे अवयव विकतात, अशी बोंब उठली.

डायानचा हा भाग नोव्हेंबर 2015 मधला. त्याच महिन्यात कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या ‘प्लॅन्ड पॅरेंटहुड’च्या दवाखान्यात एकानं गोळीबार केला. एक पोलीस अधिकारी, एक माजी सैनिक आणि मैत्रिणीच्या सोबतीला आलेली दोन मुलांची आई, असे तिघे गेले. पकडल्यावर त्या माणसाच्या तोंडी अर्भकांच्या अवयवांचीच भाषा होती. व्हिडिओ करणाऱ्यांनी संस्थेला 20 लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यावी, असं सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्युरीनं ठरवलं, तोवर 2019 चा नोव्हेंबर उजाडला होता.

कोर्टाच्या मालिकेत दोन्ही बाजू पूर्ण ऐकून घेतल्या जातात, आणि हे मला तिचं मोठं बळ वाटतं. मोबाइलवर तेवढा धीर कोण धरतो? पण तासाभराच्या आत निकाल लागतो आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटतं, तिथे ही मालिका मला अपुरी पडते. डायान खटला लढवून ऑफिसात परतते. दवाखान्यात फोन उचलणाऱ्या बाईला मात्र दुसऱ्या दिवशीही शिव्या ऐकाव्या लागतात. एखादा पूर्ण भाग तिच्यावर हवा होता.