पडद्याआडची खिदमत

लिनक्सच्या काळ्या टर्मिनलमध्ये कमांड देऊन सुरू केलेला प्रोग्राम त्या खिडकीचा आश्रित असतो. खिडकी बंद झाली की त्याला ‘हँगअप’चा इशारा मिळतो आणि बहुतेक प्रोग्राम तिथंच आटोपतात. हा शब्द टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरशी बोलायच्या काळातला. समोरच्यानं फोन ठेवला, म्हणजे बोलणं संपलं.

आमच्या मोहल्ल्यातलं वाचनालय दोन वर्षं अशाच एका खिडकीवर चालत होतं. तिथं साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. मराठी सगळ्यात जास्त, त्याखालोखाल उर्दू, आणि स्पर्धा परीक्षांचं एक वेगळं कपाट. मोहल्ल्यातल्याच इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलानं पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून पुस्तकांची यादी देणगीत आलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवली. मोबाइल वाचनालयाच्या वायफायला जोडला, की हवं ते पुस्तक जागेवर आहे की कुणी नेलंय, हे कळतं. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना याचा फार उपयोग होतो. घरून तासाभराचीच मोकळीक असते. त्यातला अर्धा तास कपाट धुंडाळण्यात गेला, तर वाचणार कधी?

तो मुलगा रोज संध्याकाळी येऊन पासवर्ड टाकायचा, कमांड द्यायचा आणि वाचनालय सांभाळणाऱ्या चाचांना बजावून जायचा, “चाचा, ही खिडकी मिटू नका.” कुणी चुकून मिटली किंवा लाइट गेली, की यादी गायब. मग त्याला फोन. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. चाचांनी पेढा घेतला आणि विचारलं, “बेटा, तू चाललास. यादी कोण चालू करणार?”

सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

कुणी लॉगिन केलेलं असो वा नसो, पडद्याआड आपलं काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला युनिक्सवाले ‘डीमन’ म्हणतात. हे नाव १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत, फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटात वापरात आलं. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या एका काल्पनिक प्रयोगात न थकता रेणू निवडत बसणारा एक अदृश्य पहारेकरी आहे, त्याच्यावरून ते सुचलं. चाचांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, “मग जिन म्हण की! सुलेमान नबींचं कामही जिन करायचेच.”

या जिनांना कामाला लावणारा मुकादम म्हणजे सिस्टमडी. तो २०१० मध्ये आला. २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटू या दोघांनीही त्याला ठरलेला मुकादम केलं. मशीन उठल्यावर पहिला प्रोग्राम तोच, क्रमांक १. बाकीच्यांना उठवणं, पडलेल्याला उभं करणं ही जबाबदारी त्याची. त्याला फक्त एक छोटी फाइल लिहून द्यायची.

त्या फाइलीचे तीन भाग असतात. पहिल्यात प्रोग्रामची ओळख आणि तो कुणानंतर सुरू व्हायचा हे. आमच्या यादीला वायफाय लागतं, म्हणून ‘आफ्टर’च्या ओळीत नेटवर्क लिहिलं. दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा: कोणती कमांड, कोणत्या फोल्डरमध्ये बसून, कुणाच्या नावानं. इथं पायथनचा पूर्ण पत्ता लिहिला, कारण आपल्या टर्मिनलच्या सवयी आणि मनाचे शॉर्टकट सिस्टमडीला ठाऊक नसतात. त्या मुलाच्या हाताला माहीत असलेलं सगळं कागदावर उतरवावं लागलं.

‘यूजर’ची ओळ महत्त्वाची आहे. ती लिहिली नाही, तर सिस्टम सर्व्हिस रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालते. शंभर मोबाइल जोडले जाणाऱ्या प्रोग्रामला घराची चावी कशाला? मी त्याच्यासाठी वेगळा यूजर केला. त्याला लॉगिन करता येत नाही आणि यादीच्या फोल्डरपलीकडं काही लिहिताही येत नाही.

मग ‘रीस्टार्ट’. त्यात ‘ऑन-फेल्युअर’ लिहिलं. प्रोग्राम बिघाडानं पडला तर पुन्हा उठवायचा, आपण मुद्दाम थांबवला तर नाही. पण उठवायलाही मर्यादा हवी. मूळ मांडणीत १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही तो पडत राहिला, तर सिस्टमडी नाद सोडतो. मी दोन प्रयत्नांमध्ये ५ सेकंदांचं अंतर ठेवलं. मग १० सेकंदांत ५ प्रयत्न होणारच नाहीत आणि प्रोग्राम रात्रभर पडत-उठत राहील, म्हणून ती मुदत वाढवून २ मिनिटं केली. पाच प्रयत्नांत जमलं नाही, तर माणसानं येऊन बघावं.

तिसरा भाग एका ओळीचा: मशीन नेहमीच्या कामाला लागलं, की हाही कामाला लागावा. ही ओळ लागू होते ती ‘इनेबल’ केल्यावर. ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’ हे दोन वेगळे हुकूम आहेत. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू हो. इनेबल म्हणजे दर वेळी मशीन उठलं की ऊठ. स्टार्ट केलेला प्रोग्राम त्या दिवशी झकास चालतो. इनेबल राहून गेलंय, हे पुढच्या लाइट जाण्यालाच कळतं. शिवाय लाइट आल्यावर मशीननं आपोआप सुरू व्हावं, ही मांडणी लिनक्सच्या हातात नसते. ती कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये जाऊन करावी लागते. तीही केली.

मग चाचांच्या हातानंच मेन स्विच पाडला आणि पुन्हा चढवला. कुणी पासवर्ड टाकला नाही, कीबोर्डला हात लावला नाही. दोन-तीन मिनिटांत मोबाइलवर यादी उघडली.

त्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या वर मी हॅशची खूण करून मराठीत कारण लिहिलंय: ही ओळ कशासाठी, काढली तर काय होईल. अशा ओळी सिस्टमडी वाचत नाही; त्या माणसांसाठी असतात. बारावीतली एक मुलगी आता ‘स्टेटस’ची कमांड देऊन प्रोग्राम जिवंत आहे का ते बघते. काही बिनसलं, तर जर्नलमधल्या शेवटच्या ओळींचा फोटो काढून पुण्याला पाठवते. त्या मुलाला फोन अजूनही जातो, पण वाचनालय त्याच्या फोनवर अडून राहत नाही.

‘सर्व्हिस’ला आपल्याकडं खिदमत म्हणतात. आपल्या किती तरी संस्था एखाद्याच्या खिदमतीवर उभ्या असतात. कपाटाची किल्ली एकाच्या खिशात, वर्गणीची वही दुसऱ्याच्या घरी, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा पासवर्ड तिसऱ्याच्या डोक्यात. ही माणसं मनापासून राबतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. मग कुणाची बदली होते, कुणी आजारी पडतं, कुणी अल्लाहला प्यारं होतं आणि चालतं काम एका दिवसात बसतं. मागं राहिलेल्यांना ते कुठून सुरू करायचं हेच कळत नाही.

अशा माणसाला आपण हार घालतो, शाल देतो. त्याच्याजवळ तासभर बसून चार ओळी लिहून घ्यायचं मात्र राहून जातं. काम कशानंतर सुरू होतं, कुणाच्या नावानं चालतं, थांबलं तर किती वाट बघायची आणि कुणाला हाक मारायची, एवढंच विचारायचं असतं. तो अजून मोहल्ल्यात आहे, तोवर विचारून घ्या.