होडी कुणाची, झेंडा कुणाचा?

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने ग्रीसमध्ये एक जुनी शिडाची बोट घेतली. तो राहतो इंग्लंडमध्ये, अकरा वर्षं झाली. पासपोर्ट अजून भारताचा. बोट विकणारं वृद्ध जोडपं जर्मन, आणि बोट उभी प्रेवेझा गावाजवळच्या एका यार्डात, आयोनियन समुद्राच्या काठी. लांबी नऊ मीटर. आपल्या मिरकरवाड्यातल्या मासेमारीच्या बोटींपुढे तशी लहानच. पण त्या नऊ मीटरांसाठी चार देशांचे कायदे वाचावे लागले. भावाने सगळे कागद माझ्याकडे पाठवले आणि म्हणाला, "भाईजान, अब्बांना समजेल असं सांगा. ते रोज विचारतात, बोट तुझ्या नावावर झाली का?"

मामूंना समजावणं सोपं नव्हतं, कारण समुद्रातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून त्यांची सगळी उमर गेली. त्यांची सीडीसी अजून पेटीत जपून ठेवलेली आहे. मी उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर, समुद्राशी माझा संबंध शब्दांपुरता. वर्गात मी मुलांना सांगतो की खलाशी, सुखाणू, नाखवा हे शब्द अरबी-फारसीतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. जहाजाला वाट दाखवणारा तो मालिम आणि शाळेत शिकवणारा तो मुअल्लिम, दोन्ही मूळचा एकच शब्द. मामूंना हे सांगितलं की ते हसतात, "मग तूही मालिमच, फक्त पाण्यात उतरत नाहीस."

तर नोंदणीची गोष्ट. माणसाला नागरिकत्व असतं तसं जहाजालाही असतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या समुद्र कायद्याच्या कराराचं 91 वं कलम सांगतं की ज्या देशाचा झेंडा लावायचा हक्क जहाजाला आहे, त्या देशाचं ते जहाज. 92 वं कलम सांगतं की झेंडा एकाच देशाचा. सोयीप्रमाणे दोन झेंडे वापरणाऱ्या जहाजाला कुठल्याच देशाचं नाही असं धरता येतं. आणि ज्याला देश नाही अशा जहाजावर खुल्या समुद्रात कुठल्याही देशाची युद्धनौका तपासणीसाठी चढू शकते.

म्हणून पहिला कागद नव्या नोंदणीचा नव्हता, जुनी नोंदणी रद्द झाल्याचा होता. बोट जर्मन नोंदीत होती. तिथून नाव निघाल्याचा दाखला आल्याशिवाय दुसरीकडे अर्ज करण्यात अर्थ नव्हता. तो दाखला यायला इतका उशीर झाला की बोट सगळा हिवाळा यार्डात लाकडी टेकूंवर उभी राहिली, आणि यार्डाचं भाडं भावाच्या खिशातून गेलं. मामू म्हणाले, "तलाकनामा हातात नाही तर दुसरा निकाह कसा होणार?" मला इतकी नेमकी उपमा सुचली नसती.

दुसरा प्रश्न, झेंडा कुठला? बोट ग्रीसमध्ये उभी आहे म्हणून ती ग्रीसची होत नाही. मालक भारताचा आहे म्हणून ती भारताचीही होत नाही. ब्रिटनच्या जहाज नोंदणीचे चार भाग आहेत. त्यातला तिसरा भाग लहान बोटींसाठी आहे, चोवीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या. त्यात मुख्य अट मालकाच्या राहण्याची. तो ब्रिटनमध्ये राहणारा हवा, वर्षातले किमान 185 दिवस. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिकही चालतो. म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्या माणसाची, जर्मन माणसाकडून घेतलेली, ग्रीसमध्ये ठेवलेली बोट ब्रिटनचा लाल झेंडा लावू शकते. नोंदणी पाच वर्षांची. अर्ज घरबसल्या होतो. बोटीवर बाहेरच्या बाजूला दिसेल असा नंबर लावायचा.

इथेच घरात एक गोष्ट अडली. भावाच्या मनात होतं की बोट बापलेकांच्या दोघांच्या नावावर करायची. आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजं घासणाऱ्या बापाचं नाव एका तरी जहाजाच्या कागदावर मालक म्हणून यावं. पण अट सगळ्या मालकांना लागू. मामू राहतात रत्नागिरीत. त्यांचं नाव घातलं तर या भागातली नोंदणीच होणार नाही.

हे मामूंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी ज्या जहाजांवर होतो, त्यातल्या कितींच्या पाठीवर मोनरोव्हिया लिहिलेलं होतं. मी मोनरोव्हिया कधी पाहिलं नाही. मालकानेही पाहिलं नसेल. झेंड्याचं काय घेऊन बसलास? मालकीचा कागद कुठे आहे ते सांग."

मोनरोव्हिया ही लायबेरियाची राजधानी. लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं या देशांच्या नोंदीत जगातली प्रचंड मोठी जहाजं आहेत. मालक एका देशात, खलाशी दुसऱ्या देशाचे, झेंडा तिसऱ्याचा. पगार थकला, अपघात झाला, तर जबाबदारी आधी झेंड्याच्या देशाची. आपल्या कोकणातल्या किती घरांनी हा धडा पुस्तकाबाहेर शिकलेला आहे. मामूंचा प्रश्न त्या अनुभवातून आलेला होता, आणि तोच खरा प्रश्न होता.

कारण ब्रिटनच्या या तिसऱ्या भागातल्या नोंदणीने बोटीचा देश सिद्ध होतो, मालकी सिद्ध होत नाही. मालकीची नोंद हवी तर पहिला भाग आहे. तिथे बोटीचं रीतसर मोजमाप करून घ्यावं लागतं, आधीच्या विक्रीचे कागद दाखवावे लागतात, बोटीवर कर्ज असेल तर त्याचीही नोंद होते. खर्च जास्त. भावावर कर्ज नव्हतं, म्हणून त्याने तिसरा भाग घेतला. पण मग मालकीचा पुरावा म्हणजे विक्रीखत, तेच जपायचं. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सूरह बकरात किती तपशिलाने सांगितलं आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत तीच. मामूंनी तेवढंच विचारलं, "साक्षीदार कोण होते?"

विक्रीखताच्या जोडीला करांचे कागद. युरोपीय संघात बोटीवरचा व्हॅट कधीतरी भरला गेला आहे याचा पुरावा मागतात. 16 जून 1998 नंतर तिथल्या बाजारात आलेल्या बोटीला सीई खूण लागते. ग्रीसच्या पाण्यात सात मीटरवरच्या बोटीला 2019 पासून वेगळा कर आहे. आणि वायरलेसचा नऊ आकडी नंबर झेंड्याच्या देशाकडून घ्यायचा. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे 419, ब्रिटनचे 232 ते 235. बोटीने मदतीसाठी हाक मारली तर ऐकणाऱ्याला आवाजाआधी देश कळतो.

या सगळ्यात मला सर्वांत विचित्र वाटलं ते हे. व्हॅटचे कागद नीट असलेली बोट ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं राहू शकते. तिच्या मालकाला मात्र व्हिसा काढून जावं लागतं, आणि 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. लाकूड-फायबरला मुक्काम आहे, माणसाला मुदत आहे.

समुद्रावर कागद मागणं काही नवं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना नसेल तर आपल्या किनाऱ्यावरची जहाजं पकडली जात. आज आपल्या मासेमारीच्या बोटींवरही राज्याची खूण असलेला नंबर असतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी एक मासेमारी बोट बळकावली होती. तेव्हापासून किनाऱ्यावर बोटीच्या आणि खलाशाच्या ओळखपत्राची तपासणी कडक झाली. ती हवीच. फक्त आपल्या दालदी वस्त्यांत कागद विचारला गेला की पोटात गोळा येतो, कारण कागद कधी काकाच्या नावावर, कधी मेलेल्या आजोबांच्या, कधी नावात एक अक्षर चुकलेलं. बोट खरी असते, मेहनत खरी असते, कागद तेवढा आपला नसतो.

भावाची नोंदणी मार्चमध्ये झाली. मामूंचं नाव त्यावर नाही. पण त्यांच्या सांगण्यावरून तीन गोष्टी झाल्या. विक्रीखताची, करांच्या पावत्यांची आणि जुनी नोंदणी रद्द झाल्याच्या दाखल्याची प्रत रत्नागिरीच्या घरी आली. भावाने वसीयत लिहिली आणि तिच्यात बोटीचा उल्लेख केला. आणि त्याच्या बायकोला यार्डाचा पत्ता पाठ झाला. मामूंचं म्हणणं साधं होतं, "वारिसांना माल कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर हिस्से काय कपाळाचे करणार?"

आपल्यापैकी कितीजण कुवेतला, दुबईला, डर्बनला, लंडनला आहेत. कुणाची गाडी आहे, कुणाचा फ्लॅट, कुणाची दुकानातली भागी. बहुतेक घरांत बायको-मुलांना एवढंच ठाऊक असतं की "तिकडे काहीतरी आहे". हा लेख वाचून झाला की घरी एक फोन करा. वस्तू कुठल्या देशात आहे, नोंद कुठल्या देशात आहे, मालकीचा कागद कुठल्या कपाटात आहे, या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं असू शकतात. ती तिन्ही एका वहीत लिहून ठेवा, आणि वही कुठे आहे ते दोघांना तरी सांगा.