काठी, भिंत आणि उजवा हात

पुण्याच्या रुग्णालयातील त्या अरुंद टेबलावर मी उताणी झोपले होते. रेडिओथेरपीपूर्वी किरणांची दिशा ठरवण्यासाठी जो स्कॅन करतात, त्यासाठी मला बोलावले होते. ‘दोन्ही हात डोक्यावर न्या,’ असे तंत्रज्ञांनी सांगितले. डावा हात सहज गेला. उजवा खांद्याच्या उंचीशी येऊन अडला. त्यापुढे काखेत अशी ओढ बसली, की डोळ्यांत पाणी आले. हात किरणांच्या वाटेतून बाजूला होऊन काही मिनिटे तसाच स्थिर राहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. ‘फिजिओथेरपी घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा या,’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले.

साताऱ्याला येताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. केमोथेरपीचे महिने निभावले होते, शस्त्रक्रिया पार पडली होती, आणि आता उपचार अडला तो एका आखडलेल्या खांद्यापाशी!

चूक माझीच होती. घरी सोडताना व्यायामाचा छापील कागद मिळाला होता; तो मी फाइलमध्ये नीट लावून ठेवला. उजव्या स्तनाबरोबर काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या होत्या. टाके उसवतील, हात सुजेल, ही धास्ती मला होती आणि घरच्यांना माझ्याहून अधिक. मी पाण्याचा तांब्या उचलला तरी सासूबाई लगबगीने पुढे होत, ‘अगं, राहू दे, मी आहे ना!’ यजमानांनी वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवले. पाच आठवडे तो हात मी छातीशी धरून वावरले.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलाच्या वयाची होती. तिने खांद्याचा कोन मोजला: ८५ अंश. ‘काकू, हात फारच सांभाळलात की!’ ती हसून म्हणाली. मग मी तिला ती गोष्ट दाखवली, जी घरात कोणाला सांगितली नव्हती. काखेपासून कोपरापर्यंत त्वचेखाली दोरीसारखे काही ताणलेले लागत होते. रोग परतला, असेच मी मनात धरून बसले होते. तिने तपासून सांगितले, की काखेतील ग्रंथी काढल्यावर अनेकींना असे होते. हा कर्करोग नव्हे, आणि हळूहळू ताण देत गेले की बहुधा ते सैलावते. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

‘घरात लांब काठी आहे?’ तिने विचारले होते. कपडे वाळत घालायची होती. तीच कामी आली. उताणे झोपून काठी दोन्ही हातांनी धरायची, चांगल्या हाताच्या बळावर दुखरा हात डोक्याकडे न्यायचा, संथ श्वास घेत क्षणभर थांबायचे. दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी वर चालवत न्यायची आणि तशीच उतरवायची. दिवसातून तीनदा. ओढ जाणवली तर चालेल, तीव्र कळ आली तर थांबायचे, हा नियम.

आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर मुलाच्या उंचीच्या जुन्या पेन्सिलखुणा आहेत. पहिल्या दिवशी माझी बोटे त्याच्या तिसरीतल्या खुणेपर्यंत पोचली. पाचव्या दिवशी पाचवीतल्या. मध्ये तीन दिवस काहीच पुढे सरकले नाही, तेव्हा मी काठी कोपऱ्यात फेकून रडलेही. सासूबाईंनी ती उचलली, माझ्या शेजारी बसल्या आणि दहापर्यंत आकडे मोजू लागल्या. चौदाव्या दिवशी दहावीची खूण मागे पडली. पुण्याच्या टेबलावर हात पूर्ण नाही, पण आधारावर टेकेल इतका वर गेला. रेडिओथेरपीच्या १५ फेऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्या.

किरणोपचारानंतर स्नायू पुन्हा आखडू लागले, म्हणून व्यायाम आजही सुरू आहे. पुढे वाचनात आले, की ब्रिटनमध्ये ३९२ स्त्रियांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दहा दिवसांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करणाऱ्यांचा हात वर्षभरानंतर अधिक चांगला चालत होता, आणि त्यामुळे हाताची सूजही वाढली नव्हती. आम्ही मात्र सुजेच्या भीतीनेच हात बांधून ठेवला होता! हात सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर मात्र अंगावर न काढता डॉक्टरांना गाठावे.

प्रत्येकीची शस्त्रक्रिया निराळी, म्हणून व्यायाम कधी आणि किती, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. पण विचारावे अवश्य, आणि घरी निघण्यापूर्वीच. घरच्यांना एवढीच विनंती, की मायेपोटी तिच्या हातातले प्रत्येक काम काढून घेऊ नका. व्यायामाच्या वेळी शेजारी बसा, आकडे मोजा.

परवा सासूबाईंनी धुतलेले लुगडे आणि काठी माझ्या हाती दिली. ‘घाल गं वाळत,’ म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. लुगडे दांडीवर जरा तिरपे पडले. मी ते तसेच राहू दिले.