स्क्रीन, प्रिंट आणि लेकीचा रंग



आजी-आजोबांना पाठवायला फोटो प्रिंट केले आणि ते स्क्रीनवर दिसत होते तसे आलेच नाहीत, असं तुमच्याकडेही होतं का?

मी सीए, त्यामुळे मला यात बँक रिकन्सिलिएशनच दिसतं. कॅशबुक आणि पासबुकची शिल्लक महिनाअखेरीला क्वचितच जुळते. तेव्हा आपण चिडत नाही, फरकाची कलमं शोधतो. इथेही तसंच करूया.

कलम १, उजेड. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद मात्र खोलीतला उजेड परत पाठवतो. म्हणून प्रिंट काळपट वाटते. नवे मॉनिटर फार प्रखर असतात, प्रिंटच्या कामाला साधारण १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरतात. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवर पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. आणि प्रिंट दिवसाउजेडी खिडकीत बघा. आमच्या रेगेन्सबर्गला नोव्हेंबरअखेरीस साडेचारलाच अंधार पडतो, मग रविवार दुपारच गाठावी लागते!

कलम २, पांढरा रंग. स्क्रीनचा पांढरा बहुधा ६५०० केल्विनचा, थोडा निळसर. छपाईवाले प्रिंट तपासतात ५००० केल्विनच्या उजेडात. निदान स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोड तरी बंद ठेवा.

कलम ३, रंगांचा आवाका. स्क्रीनवरचे काही झगझगीत रंग कागदावर पोचतच नाहीत. मोरपिशी पैठणी जराशी मवाळ होणारच. फाइल एसआरजीबीमध्ये सेव्ह करा, बहुतेक लॅबना तीच चालते. उरलेला फरक राइट ऑफ.

कलम ४ मात्र राइट ऑफ करण्यासारखं नाही. ते म्हणजे लॅबची 'आपोआप सुधारणा'.

आईच्या पंच्याहत्तरीसाठी साताऱ्याला अल्बम पाठवायचा होता. दगडी पुलावरचे, डोमसमोरचे, घरच्या गणपतीतले फोटो इथल्या एका लॅबला दिले. प्रिंटमध्ये आमचे सगळ्यांचे चेहरे उजळ, गुलाबीसर! आठ वर्षांची लेक खूश. म्हणाली, "आई, यात मी वर्गातल्या मुलींसारखी दिसते. हेच पाठव ना आजीला."

पोटात कालवलं हो. घरी आम्ही कधी गोरं-काळं केलं नाही, आणि एका मशीनने तिला सांगितलं की 'सुधारलेली' तू म्हणजे गोरी तू.

हे जुनंच दुखणं आहे. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला नमुन्याचा फोटो द्यायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. कित्येक वर्षं त्यावर गोरीच बाई असे. तिची त्वचा नीट छापली गेली की मशीन बरोबर. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात.

लेकीला हे सगळं सांगितलं. मग ऑर्डर देताना तो सुधारणेचा पर्याय बंद करून आधी पाचच फोटो, १० बाय १५ चे, मागवले. खिडकीत उभं राहून एकेक प्रिंट तिच्या गालाशेजारी धरली. तीच ऑडिटर! तिसऱ्या फोटोला म्हणाली, "हा मी आहे तसा आलाय." मग तशाच सेटिंगवर सगळा अल्बम छापून घेतला.

आजी नातीला दोन वर्षांतून एकदा भेटते. मधल्या काळात तिच्या हातात असतो तो हा कागद. त्यावर तिची नात दिसायला हवी, तिची उजळ केलेली आवृत्ती नको.

म्हणून एवढंच सांगते: प्रिंट स्क्रीनशी जुळवा, पण शेवटची सही करण्याआधी ती मुलांच्या चेहऱ्याशी ताडून बघा. मूळ व्हाउचर तेच आहे.

तुमच्या मुलांनी असं काही म्हटलंय का कधी? तुम्ही काय उत्तर दिलंत? नक्की लिहा.